रोजच्या वापरातील वेगवान मोटार : ठेवावी की बदलावी?

कामगार चळवळीत तीस वर्षे घालवलेल्या माणसाने व्यासपीठावरून स्पोर्ट्स मोटारीवर बोलावे, याचे पुष्कळांना नवल वाटेल. मोटारी आम्ही पूर्वी पाहिल्या त्या कारखान्याच्या फाटकाबाहेरून, आणि तेही आत बसलेल्या मालकाकडे बोट दाखवीत. परंतु काळ पालटला आहे. आज चाकणच्या किंवा भोसरीच्या कारखान्यात कायम झालेला कामगार चाळिशीच्या आत दुसऱ्या हाताची मोटार घेतो, आणि त्यातही कोणी एखादा हौशी गडी चारचौघांसारखी गाडी न घेता वेगाची गाडी घेतो. पुढे त्या गाडीचा खर्च वाढला, घरात वाद झाला, कर्जाचा विषय निघाला, की तो पगारपत्रक आणि कागदांचा गठ्ठा घेऊन युनियनच्या कचेरीत येतो. तेव्हा हा विषय आमच्या टेबलावर आपल्या पायांनी चालत आलेला आहे, आम्ही तो शोधायला गेलो नव्हतो.

अशाच एका सभासदाचे प्रकरण या लेखाला निमित्त झाले. त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. टूलरूममध्ये काम करणारा, हाताचा पक्का, वय त्रेचाळीस. राहायला निगडीस, कामाला चाकणला; जाऊन येऊन चाळीस किलोमीटरांचा प्रवास. गाडी २०१४ सालची, पाच दारांची, दिसायला इतर छोट्या गाड्यांसारखीच; पण आत टर्बो इंजिन आणि दोन क्लचांचा आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स. हा गडी त्या गाडीवर जीव लावून होता. दर रविवारी पहाटे ताम्हिणी घाटात जाऊन नऊच्या आत घरी परत येणे हा त्याचा नेम. याच गाडीतून तो आठवड्यातून दोनदा वडिलांना डायालिसिससाठी नेत असे. एके दिवशी मोशीजवळ ऐन गर्दीत गिअरबॉक्सने मान टाकली. मागच्या आसनावर वडील, उपचाराची वेळ टळत चाललेली, आणि गाडी पुढेही जाईना, मागेही जाईना. रिक्षा करून त्यांना पोचवले खरे, पण त्या दिवसापासून घरात प्रश्न उभा राहिला. गॅरेजवाल्याने दुरुस्तीचा आकडा दोन लाख दहा हजार सांगितला. घरातल्यांचे म्हणणे, हे खूळ आता पुरे, नवी साधी गाडी घ्या. नव्या गाडीला रस्त्यावर येईपर्यंत अकरा लाख. जुनी आहे त्या अवस्थेत दोन लाखांना जाणार. दोन लाख प्रॉव्हिडंट फंडातून काढायचे आणि उरलेले सात लाख कर्ज, असा बेत ठरत आला होता. "भाऊ, तुम्ही बोनसचे हिशेब तपासता, हाही एकदा तपासा," असे म्हणून त्याने कागद आमच्यासमोर ठेवले.

हिशेबाकडे वळण्याआधी, स्पोर्ट्स मोटार म्हणतात ती कशाला, हे पाहिले पाहिजे. ताकद पुष्कळ म्हणजे स्पोर्ट्स मोटार, ही समजूत बरोबर नाही. ट्रकलाही ताकद असते. जपानातील हिरोशिमाच्या माझ्दा कंपनीने १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात एमएक्स-५ नावाची दोन आसनांची उघडी मोटार मांडली. तिचे इंजिन अवघे १.६ लिटरचे, म्हणजे ताकदीने बेताचेच. पण गाडीचे वजन एक टनाहून कमी, इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना, आणि बसणारा माणूस जवळजवळ गाडीच्या मध्यावर. सुकाणू थोडे वळवले की गाडी लगेच वळते. हुकूम आणि अंमल यांच्यामध्ये वेळ जात नाही. ही मोटार २०१६ साली दहा लाखांच्या संख्येला पोचली. दोन आसनांच्या कोणत्याही स्पोर्ट्स मोटारीने तोवर इतका खप पाहिला नव्हता. पण दोन आसनांत संसार मावत नाही. म्हणून दुसरा एक मार्ग निघाला. जर्मनीच्या फोक्सवागेनने १९७५ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात गोल्फ जीटीआय दाखवली : घरगुती गाडीचेच अंग, पण इंजिन ११० अश्वशक्तीचे, स्प्रिंगा कडक, उंची कमी. आठवडाभर कचेरी आणि बाजार, रविवारी घाट. आमच्या सभासदाची गाडी या दुसऱ्या घराण्यातली. शुद्ध स्पोर्ट्स मोटारीचे रसिक तिच्याकडे पाहून नाक मुरडतील, मुरडोत. रोज वापरण्याचा प्रश्न खरा पडतो तो याच गाड्यांच्या मालकांना.

अशी गाडी रोजच्या वापरात लवकर का झिजते? जोरात चालवल्यामुळे, असे उत्तर बहुतेक जण देतात. ते अर्धेच खरे आहे. घाटात तापलेल्या इंजिनाने, मोकळ्या रस्त्यावर, नीट गिअरमध्ये चाललेली गाडी फारशी झिजत नाही. झिजते ती चाकण चौकात. दोन क्लचांच्या गिअरबॉक्सचेच पाहा. यात एक क्लच एक-तीन-पाच-सात या गिअरांचा आणि दुसरा दोन-चार-सहा या गिअरांचा. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये चालली असतानाच यंत्रणा तिसरा लावून तयार ठेवते. वेळ आली की एक क्लच सुटतो, दुसरा पकडतो, आणि गिअर बदलल्याचे पोटातले पाणीसुद्धा हलत नाही. मोकळ्या रस्त्यावर ही रचना अप्रतिम आहे. परंतु लहान गाड्यांत हे क्लच बहुधा कोरडे असतात, तेलात बुडालेले नसतात. वाहतूक मुंगीच्या पावलाने सरकू लागली की क्लच धड पकडत नाही आणि धड सुटतही नाही. अर्धवट घासत राहतो आणि तापतो. त्यावर हुकमत चालवणारी तेलाच्या दाबाची आणि विजेची पेटी गिअरबॉक्सलाच जोडलेली असते, ती याच उष्णतेत शिजते. एका पाळीत शंभर वेळा सुरू-बंद केलेली मोटर जशी लवकर जळते, तसलाच हा प्रकार आहे. फिटर मंडळींना तो समजावून सांगावा लागत नाही.

टर्बोचेही तसेच. बाहेर जाणाऱ्या जळक्या वायूच्या जोरावर फिरणारे ते छोटे चक्र मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते, आणि त्याचा सगळा आधार तेलाच्या पातळ थरावर. चार किलोमीटर जाऊन थांबणारी गाडी तेल पुरते तापूच देत नाही. पाणी आणि पेट्रोलचा अंश तेलात राहतो आणि तेल लवकर बिघडते. उलट घाटातून दामटत येऊन लगेच इंजिन बंद केले, तर तापलेल्या चक्राभोवतीचे तेल जागीच करपते. टायरांविषयी काय सांगावे! वेगाच्या गाडीचा टायर रुंद, पण त्याची बाजू बुटकी. खड्ड्याचा धक्का रबराने सोसायचा तो चाकाच्या कडेला बसतो. आणि आपले गतिरोधक! भारतीय रस्ते परिषदेच्या नियमाप्रमाणे गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे ताशी २५ किलोमीटरने तो सुखाने ओलांडता येतो. आमच्या सोसायट्यांचे चेअरमन हातभर रुंदीत तेवढीच उंची बसवतात. ठेंगण्या गाडीचे पोट त्यावर घासले की चेअरमनच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो.

तेव्हा पहिला मुद्दा असा की, गाडी वाईट नसते. तिला दिलेले काम तिचे नसते. शर्यतीचा घोडा टांग्याला जुंपला तर तो टांगा ओढीलही, पण नाल लवकर झिजतील.

आता हिशेब. या ठिकाणी आम्हाला आमच्याच चळवळीचा एक जुना धडा उपयोगी पडला. १९५० साली मुंबईच्या गिरणीमालकांची संघटना आणि राष्ट्रीय मिल मजदूर संघ यांच्या वादात लेबर ॲपेलेट ट्रिब्युनलच्या पूर्ण पीठाने बोनसचे एक सूत्र ठरवले. कामगारांत ते 'फुल बेंच फॉर्म्युला' म्हणून प्रसिद्ध झाले. ढोबळ नफ्यातून आधी घसारा वजा करायचा, मग यंत्रे पुढे बदलण्यासाठी लागणारा निधी, मग कर, मग भरलेल्या भांडवलावर सहा टक्के आणि खेळत्या राखीव रकमेवरील परतावा. एवढे जाऊन उरेल त्यात बोनस. यात घसारा आणि बदलीचा निधी या दोन गोष्टी वेगळ्या का, यावर पुढे वर्षानुवर्षे वाद झाले. घसारा म्हणजे यंत्र घेतले त्या किमतीची झीज. बदलीचा निधी म्हणजे ते यंत्र उद्याच्या भावाने घ्यायचे तर लागणारी जास्तीची रक्कम. १९५९ साली असोसिएटेड सिमेंट कंपनीच्या प्रकरणात न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लिहिला, त्यात गुणक आणि भाजक यांचा खल आहे : यंत्राची किंमत किती पटीने वाढली तो गुणक, आणि यंत्राचे आयुष्य किती वर्षे उरले तो भाजक. मालकांचे वकील गुणक मोठा आणि भाजक लहान करून मागत, म्हणजे निधी फुगे आणि बोनस आटे. कामगारांच्या बाजूने विचारणा होई, यंत्र अजून किती वर्षे चालेल ते आधी दाखवा. १९६५ च्या बोनस कायद्याने हे सूत्र मागे पडले. आम्ही चळवळीत आलो तोवर ते इतिहासजमा झाले होते. पण जुन्या निवाड्यांच्या फायली वाचतच आम्ही इंग्रजी आणि हिशेब दोन्ही शिकलो, त्यामुळे तो भाजक डोक्यात पक्का बसला आहे.

मोटार बदलू पाहणारा माणूस नेमके जुन्या मालकांसारखे वागतो. जुन्या गाडीचे उरलेले आयुष्य तो कमी धरतो, आणि नव्या गाडीचा घसारा मुळीच धरत नाही. खिशातून एकदम निघणारे दोन लाख डोळ्यांत खुपतात. न दिसता दरमहा गळणारे दहा हजार खुपत नाहीत. हा घसारा किती? विमा कंपन्या गाडीची किंमत ठरवताना जे कोष्टक वापरत आल्या आहेत ते पाहावे : सहा महिन्यांच्या आत ५ टक्के घट, वर्षाच्या आत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५०. म्हणजे पाच वर्षांत निम्मी किंमत गेली. आणि ही निम्मी होते शोरूमच्या किमतीची. रस्ताकर, नोंदणी आणि विमा यांवर गेलेले पैसे पहिल्याच दिवशी संपलेले असतात.

सभासदाबरोबर बसून आम्ही पाच वर्षांचा हिशेब मांडला. वर्षाला तीनशे दिवस, चाळीस किलोमीटर, म्हणजे बारा हजार किलोमीटर. पेट्रोल १०४ रुपये लिटर धरले.

प्रथम जुनी गाडी दुरुस्त करून ठेवण्याचा खर्च. दुरुस्तीचे दोन लाख दहा हजार पाच वर्षांवर वाटले की वर्षाला ४२ हजार. आज दोन लाखांना जाणारी गाडी पाच वर्षांनी पन्नास हजारांची उरेल असे धरू, म्हणजे घसारा वर्षाला ३० हजार. गर्दीत तिचे ॲव्हरेज अकराचे, म्हणून पेट्रोल १ लाख साडेतेरा हजार. विमा बारा हजार. टायर, ब्रेक, सस्पेन्शन, सर्व्हिसिंग मिळून ४५ हजार. या गाडीचे सुटे भाग स्वस्त नाहीत. बेरीज २ लाख ४२ हजार ५००.

आता नवी गाडी. अकरा लाखांपैकी शोरूमची किंमत साडेनऊ. पाच वर्षांनी तिचे पावणेपाच उरतील. घसारा वर्षाला सव्वा लाख. सात लाख कर्ज, दर साल ९ टक्के, मुदत सात वर्षे. महिन्याचा हप्ता ११,२६२. पहिल्या पाच वर्षांत जाणारे व्याज सरासरी वर्षाला ४४ हजार. फंडातून काढलेल्या दोन लाखांवर २०२४-२५ चा सव्वाआठ टक्के दर धरला तर वर्षाला साडेसोळा हजार बुडाले. ॲव्हरेज सतराचे, पेट्रोल साडेत्र्याहत्तर हजार. विमा तीस हजार, सर्व्हिसिंग आठ हजार. बेरीज २ लाख ९७ हजार. फंडाच्या रकमेचा आणखी एक हिशेब करून दाखवला तेव्हा तो गडी गप्प झाला : हेच दोन लाख तिथेच राहिले आणि दर असाच टिकला, तर पंधरा वर्षांनी निवृत्तीच्या वेळी त्यांचे साडेसहा लाख होतात.

म्हणजे नवी गाडी वर्षाला साडेचोपन्न हजारांनी महाग. पेट्रोलचे चाळीस हजार वाचवूनही महाग. एवढ्यावर निकाल देऊन मोकळे व्हावे असे आम्हालाही वाटले असते. परंतु डायालिसिसचे काय? ज्या गाडीने एकदा वाटेत दगा दिला, तिच्यावर तो आजारी माणूस पुन्हा कसा सोपवायचा? दुरुस्तीनंतर गिअरबॉक्स चालेल. पण अकरा-बारा वर्षांच्या गाडीत उद्या दुसरे काही जाणार नाही याची हमी कोण देतो? त्या दोन दिवशी भाड्याची गाडी करायची असे ठरवले, तर वर्षात १०४ खेपा, जाण्यायेण्याचे पाचशे, एकूण ५२ हजार. फरक संपला! कागदावर दोन्ही पारडी बरोबरीला आली.

पुष्कळ लोकांची गाडी इथे येऊन अडते, आणि मग ते मनाला आवडेल तिकडे झुकतात. आम्ही मात्र त्याला वेतनकरार काढायला सांगितले. त्याच्या कारखान्यातला करार तीन वर्षांचा. त्यातले वर्ष सरलेले. कर्ज सात वर्षांचे. म्हणजे या हप्त्याच्या मुदतीत दोनदा करार संपणार, दोनदा वाटाघाटी होणार, कंपनीची ऑर्डर कमी-जास्त होणार, ओव्हरटाइम बंद पडणार. डोक्यावर सव्वाअकरा हजारांचा हप्ता असलेला कामगार वाटाघाटींच्या वेळी काय बोलतो, हे आम्ही गेटमीटिंगमध्ये पुष्कळ वेळा ऐकले आहे. तो वाईट माणूस नसतो. त्याला पुढच्या महिन्याची पाच तारीख दिसत असते. व्यवस्थापनालाही ते ठाऊक असते. जुन्या गाडीचा धोका असा की ती वाटेत बंद पडेल. नव्या गाडीचा धोका असा की पगार वाटेत बंद पडेल. पहिला धोका रिक्षाने भागतो. कर्जाची मुदत कराराच्या मुदतीहून लांब असू नये, हे आमचे मत ऐकून काही तरुण सभासद हसतात. हसणाऱ्यांच्या अंगावर बहुधा दोन दोन कर्जे असतात.

राहता राहिली हौस. हौशीला आम्ही हिशेबाच्या बाहेर ठेवत नाही. आठ तासांच्या दिवसासाठी जगभरच्या कामगारांनी झगडा केला तो केवळ झोपेसाठी केला नाही. उरलेले तास माणसाला स्वतःच्या मर्जीने घालवता यावेत म्हणून केला. दिवसभर मायक्रोमीटरवर शतांश मोजणाऱ्या माणसाला एखादे नेमके यंत्र हातात घेऊन घाटातले वळण साधण्यात आनंद वाटत असेल, तर तो आनंद गोल्फच्या मैदानावरील साहेबाच्या आनंदाहून कमी दर्जाचा का मानावा? प्रश्न एवढाच विचारायचा की, या हौशीचे तास किती आणि त्यासाठी पैसा किती. त्याच्या बारा हजार किलोमीटरांपैकी घाटातले किलोमीटर मोजले तर चार हजारही भरले नाहीत. आणि पाऊस, सणवार, पाहुणे यांमुळे चुकलेले रविवार वजा केले तर तीनच हजार उरले. बाकीचे नऊ हजार किलोमीटर तो चाकण रस्त्यावर ट्रकच्या मागे उभा होता. त्यात कसली हौस?

यावरून साहजिकच विचार आला की रोजचा प्रवास कंपनीच्या बसने करावा आणि गाडी रविवारसाठी ठेवावी. ज्याला हे जमेल त्याने दुसरा कोणताही हिशेब करू नये. वेगाची गाडी टिकवण्याचा याहून स्वस्त उपाय नाही. या सभासदाला ते जमेना, कारण डाय फुटली की टूलरूमवाल्याला अवेळी बोलावणे येते, आणि बस पाळीच्या वेळेशी बांधलेली असते.

आणखी काही गोष्टी तपासून घेतल्या. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे फिटनेस दाखवून पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या त्या नूतनीकरणाचे शुल्क सहाशेवरून पाच हजार झाले, शिवाय आपल्या राज्यात पर्यावरण कर आहे. पंधरा वर्षे झाली म्हणजे गाडी भंगारातच, अशी जी भीती पसरली आहे ती दिल्लीकडच्या बंधनांमुळे. आपल्याकडे खासगी गाडीला तसे नाही. मुंबईच्या टॅक्सींना मात्र वीस वर्षांची मर्यादा होती, आणि तिच्यामुळेच कुर्ल्याला बनलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. त्या दिवशी मुंबईकर हळहळले. पण ती चालवणाऱ्याचे गुडघे कोणी विचारले नाहीत.

पेट्रोलमधील वीस टक्के इथेनॉलचाही बाऊ केला जातो. २०२१ मध्ये सरकारच्याच तज्ज्ञ समितीने म्हटले होते की, जुन्या धर्तीच्या चारचाकींचे ॲव्हरेज यामुळे सहा-सात टक्क्यांनी उतरेल. हा तोटा खरा आहे, आणि जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि सीले बघून घ्यावीत हेही खरे. पण तेवढ्यासाठी गाडी विकणे म्हणजे पागोळी गळते म्हणून घर विकणे होय.

सुरक्षिततेचा मुद्दा मात्र वजनाचा. सर्व नव्या मोटारींना चाके न अडकू देणारे एबीएस ब्रेक २०१९ च्या एप्रिलपासून आणि चालकाची एअरबॅग त्याच वर्षीच्या जुलैपासून सक्तीची झाली. त्याआधीच्या कित्येक साध्या गाड्यांत यांतले काहीच नाही. या सभासदाच्या वेगाच्या गाडीत दोन्ही होते. तेव्हा 'साधी' म्हणजे 'सुरक्षित' असे समजून कोणी जुनी साधी गाडी घेईल तर तो फसेल. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे. नक्षी शाबूत असली तरी सहा-सात वर्षांचे रबर कडक झालेले असते. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषते, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलावे. या दोन गोष्टी न करता 'गाडी आता धरत नाही' म्हणून गाडी बदलायला निघालेली माणसे आम्हाला ठाऊक आहेत.

शेवटी मार्ग निघाला तो त्या विम्याच्या कोष्टकातूनच. पाच वर्षांत निम्मी किंमत उडते, तर ती दुसऱ्याच्या पदरात का उडू देऊ नये? २०२० नंतरची, हाताने गिअर बदलायची, टर्बो नसलेली, एकाच मालकाने वापरलेली साधी गाडी चार लाख साठ हजारांना मिळत होती. जुनीचे दोन लाख वजा जाता दोन लाख साठ हजार कमी पडले; ते कामगारांच्या पतपेढीतून ११ टक्क्यांनी, तीन वर्षांच्या मुदतीने, हप्ता साडेआठ हजार. फंडाला हात लावला नाही. वार्षिक खर्च : घसारा ४६ हजार, व्याज पाच वर्षांवर वाटून सव्वानऊ हजार, पेट्रोल ७८ हजार, विमा १६, देखभाल २५. एकूण पावणेदोन लाखांच्या आत. नव्या गाडीहून वर्षाला सव्वा लाख कमी, आणि दुरुस्त केलेल्या जुन्या गाडीहूनही अडुसष्ट हजार कमी.

तरी त्याने आठ दिवस विचार केला. मग म्हणाला, "भाऊ, हिशेब पटला. पण घाटात ती गाडी जशी वळायची तशी ही वळणार नाही." ते खरेच होते, आणि आम्ही त्याला तसे सांगितले. ज्याच्या घरी डायालिसिसचा रुग्ण नाही, ज्याची बस वेळेवर येते, ज्याच्यावर दुसरे कर्ज नाही, त्याने हेच आकडे मांडून दुरुस्तीचा निर्णय घेतला असता तर आम्ही त्यालाही होच म्हटले असते.

त्याने गाडी विकायला काढली ती गिअरबॉक्सचा दोष आणि गॅरेजचा अंदाज दोन्ही लेखी देऊन. असे केल्याने भाव पडतो असे दलाल म्हणतात. तसा तो पडलेलाच होता. दोन लाखांचा आकडा दोष धरूनच आला होता. उलट बिघडलेली गाडी आधी दुरुस्त करून मग विकण्याचा सल्ला देणाऱ्यांनी दोन लाख दहा हजार घालून किंमत तेवढी वाढते का, ते दाखवावे. बहुधा वाढत नाही.

विकताना कागदांकडे लक्ष द्यावे. कारण बहुतेक लोक पैसे हाती पडले की किल्ली देऊन मोकळे होतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने चौदा दिवसांच्या आत हस्तांतराची वर्दी परिवहन कार्यालयाला द्यायची असते. त्यासाठी नमुना २९, आणि नाव बदलण्याच्या अर्जासाठी नमुना ३०. गाडीवर पूर्वी कर्ज असेल तर बँकेचा बोजा उतरवण्यासाठी नमुना ३५. २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की, नोंदणीपुस्तकावर ज्याचे नाव तोच मालक. मधल्या काळात गाडी तीन हातांतून गेली असली आणि अपघात झाला, तरी भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. साध्या कागदावर 'गाडी विकली' असे लिहून घेतल्याने ती टळत नाही. विम्याचा नो क्लेम बोनस हा गाडीचा नसून माणसाचा असतो. तो पन्नास टक्क्यांपर्यंत साठलेला असू शकतो, म्हणून त्याचे प्रमाणपत्र विमा कंपनीकडून घेऊन पुढच्या गाडीला लावावे. आणि काचेवरचा फास्टॅग बंद करून घ्यायला विसरू नये. नाही तर नवा मालक मुंबईला जाईल आणि खालापूरच्या नाक्यावर टोल तुमच्या खात्यातून कापला जाईल.